सकाळची घडी

आरमोरीच्या बसस्टँडवर गिरजाबाई एकटीच गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. रुसून माहेरी आलेल्या बायकोला न्यायला नवरा आला होता, आणि बायको नुसती त्याला गाडीत बसवून द्यायला आली होती. गिरजाबाईनं कानावरचा पदर मागं सारला.

"नूतन, आता रोज सकाळी माह्यं अंथरूण मीच घडी करतो. मोबाईलवर सांगतेत, त्यानं जिंदगी बदलते म्हणून."

"मंग माही काऊन नाई बदलली? लगन झाल्यापासून तुमचं अंथरूण मीच उचलून राह्यली होती."

"तसं नाई. मनाले शिस्त लागते. मी तर रोज फोटो टाकतो, लोकं शाबास म्हणतेत."

"मले कोणी म्हटलं नाई."

"तू काऊन चिडतं?"

"तुमचे बाबा खाटेवर पडून हायेत. त्यायची गोधडी कोण बदलवते?"

"ते कसं करतेत, मले नाई जमत."

"मंग आज कोणं बदलवली?"

"तू येशील म्हणून तशीच ठेवली."

"ओली?"

"…हो."

"उठा."

"म्हणजे येतं ना तू?"

"येतो. बाबाले आंघोळ घालतो आन् गाडी करून त्यायले इथी माह्या माहेरी घेऊन येतो."

"आन् माह्या सैपाकाचं?"

गिरजाबाईनं मान वळवली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.