पडद्यावरच्या तीन ओळी

सभेचे अध्यक्ष माननीय दोआन वान लुओंग, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती अभियंता खिएमदादा, त्यांना न्यायला सिडनीहून आलेल्या त्यांच्या भगिनी लायताई आणि सॅन होजेतल्या माझ्या व्हिएतनामी बंधुभगिनींनो,

आपल्या साप्ताहिकाची संपादक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनावर थांबणं मला जमत नाही, हे अध्यक्ष जाणतात.

दादा आईला घेऊन व्हिएतनाममधून होडीनं निसटून इथवर आले, तेव्हा आम्ही इंग्रजी टंकलेखन यंत्रावर अंक काढायचो आणि अक्षरांवरच्या खुणा पेनानं भरत बसायचो. दादा म्हणाले, "डोळे घालवाल अशानं." दिवसा कारखान्यात राबून त्यांनी दोन वर्षांत आपली भाषा संगणकावर आणली आणि फुकट वाटली. अट एकच. सॉफ्टवेअर उघडलं की आधी तीन ओळी दिसणार: "लाय, वय सोळा. मागच्या होडीत होती. आई वाट पाहते आहे." खाली दादांचं नाव आणि फोन. जिथं आपली माणसं छापतील, तिथं कुणीतरी वाचेलच ना?

अठ्ठ्याऐंशीच्या तेतला, आपल्या नववर्षाला, सिडनीला पाठवायच्या फ्लॉप्या मी भरल्या. वर्षाचा पहिला पाहुणा जसा, तसं वर्ष. हे काय मी तुम्हाला सांगावं? ऐन सणाला घरात शिरणारी गोष्ट रडकी कशी चालेल? मी त्या ओळी पुसल्या, नावासकट, आणि तिथं शुभेच्छा घातल्या. दादांना विचारलं नाही.

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी नका पाठवू. वेळ ठाऊक आहे मला.

तीन वर्षांनी आई दादांना म्हणाल्या, "सगळ्या जगानं वाचलं ना रे? मग पोर राहिली नाही. लाव तिचा फोटो." लायताईंचा फोटो पूर्वजांच्या शेजारी लागला. पहिलं श्राद्ध झालं. मी तिथं होते. जेवले आणि गप्प बसले. त्याच हिवाळ्यात आई गेल्या.

पुढच्या वर्षी दादांनी नवी आवृत्ती स्वतः पाठवली आणि आठवड्यात सिडनीच्या एका छापखान्यातून फोन आला. लायताई चार वर्षं भावाच्याच सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका जुळवत होत्या. रोज सकाळी माझ्या शुभेच्छा वाचत होत्या.

दादांनी मला विचारलं होतं, आधीच्या फ्लॉपीत ओळी का नव्हत्या? मी म्हटलं, फ्लॉपी खराब असेल. सात वर्षं ते खोटं मला झोपू देत नाही. दादा, उद्या तुमचं विमान आहे, म्हणून आज चारचौघांत सांगितलं. घरी येऊन सांगायची हिंमत झाली नाही.

संयोजकांनी मला बोलू दिलं, सभेनं ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं.

दादा, लायताई, तुम्ही मात्र घालू नका. काय ते मला तोंडावर सांगा. मी इथंच उभी आहे.