डुकरांचा कारभारी

संदर्भ: मार्चच्या गावसभेने एकमताने केलेली माझी नेमणूक. विषय: सदर नेमणुकीतून मला मोकळं करण्याबाबत... जाऊ द्या, ते सदर-बिदर राहू दे, मंडळी, सरळच सांगतो, गावाने मला डुकरांचा कारभारी केलंय! वय वर्षं चौसष्ट! उभा जन्म या गावाचं दफ्तर सांभाळलं, कनेटिकट नदीच्या अख्ख्या खोऱ्यात माझ्यासारखं वळणदार अक्षर कुणाचं नाही, आणि आता हातात काय? काठी, दोर आणि डुकरांच्या नाकात घालायच्या लोखंडी कड्या! मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

गुन्हा एवढाच, की मी लग्न केलं. पहिली गेल्यावर दोन हिवाळे मक्याची लापशी स्वतःच करपवून स्वतःच खाल्ली, मग क्रेनच्या विधवेला, मेहिटेबलला, विचारलं, ती हो म्हणाली. झालं! गावची रीत अशी, की ज्याचं लग्न ताजं त्याच्या गळ्यात हे पद, आणि नाही म्हणाल तर दंड. पण ती रीत गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या पोरांसाठी हो! माझ्या गुडघ्यांना मोज्यांचंही ओझं होतं. सभेत उठून तसं म्हणालो, तर चर्चचा कारभार बघणारा डीकन हेझेकाया, जो स्वतः माझ्याहून म्हातारा विधुर, तो नाकातून म्हणतो कसा, "बंधू ओबडाया, नवरदेवाने वयाचं कारण सांगू नये. घरी ऐकू जाईल." सगळी सभा फिदीफिदी! जिथे रविवारी डुलकी लागली तर काठीने ढोसतात, त्याच प्रार्थनाघरात! यात हसण्यासारखं काय आहे?

बरं, काम कसलं? डुकरं रानात मोकाट. कायदा म्हणतो, प्रत्येकाच्या गळ्यात लोढणं आणि नाकात कडी हवी, म्हणजे ती कुंपणात घुसून मका उकरणार नाहीत. ज्याला नसेल त्याला धरायचं आणि कोंडवाड्यात घालायचं. धरायचं! तुम्ही कधी डुक्कर धरलंय? ते नदीकाठच्या दलदलीत शिरतं, मागोमाग मी शिरतो, मग ते बाहेर येतं... मी येत नाही.

आणि मक्याला कोंब फुटतात न फुटतात तोच डीकनच्या शेतात सापडली कोण? बिनकडीची, बिनलोढण्याची, एक गाभण डुकरीण! डीकन बांधावरून, "कारभारी, ओळखीची दिसतेय!" ओळखीची म्हणजे? रोज सकाळी माझ्याच उंबऱ्याला अंग घासते! मेहिटेबलबरोबर घरात आलेली! आपलेच दात, आपलेच ओठ. घरी नेऊन तिच्या नाकात घालायला कडी बाहेर काढली, तर मेहिटेबल आडवी. "अहो, खबरदार! आमचे क्रेन होते तोवर तिच्या नाकाला कुणी बोट लावलं नाही!"

"अगं, मी गावासमोर शपथ घेतलीय."

"आणि लग्नात जे बोललात, ते काय डुकरिणीला?"

शेवटी नेली कोंडवाड्यात. त्या दिवसापासून बायको माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. कुंपणापाशी बसून डुकरिणीशी बोलते, तासन्‌तास! आणि येणारे-जाणारे हसतात. यात हसण्यासारखं काय आहे?

मोठ्या पंचांकडे गेलो. ते म्हणाले, "सोपं आहे. गावात पुढचं लग्न झालं, की तू सुटलास." मी तस्साच निघालो, नवरदेव शोधायला! चक्कीवाल्याचा सायलस, त्याची तर सोयरीक ठरलेली. तो म्हणतो, "काका, या महिन्यातच उरकणार होतो हो. पण तुम्हाला दलदलीत पाहिलं, आणि पुढे ढकललं." बाकीच्या पोरांचंही तेच. मग अभिमान गिळून डीकनच्या दारात. म्हटलं, "हेझेकाया, एकटेपणा फार वाईट."

"वाईट खराच," डीकन म्हणाला. "पण कोरडा आहे."

म्हणजे बघा, मी सुटत नाही कारण कुणी लग्न करत नाही, आणि कुणी लग्न करत नाही कारण मी समोर दिसतो! शेवटी हार्टफर्डला, वसाहतीच्या मोठ्या सभेकडे, माझ्या त्याच वळणदार अक्षरात अर्ज धाडला. उत्तर आलं: अर्ज पोचला, यथावकाश विचार होईल, तोवर अर्जदाराने काम चालू ठेवावं.

काल डुकरीण कोंडवाड्यातच व्याली. नऊ पिल्लं. मेहिटेबल इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "अहो, अभिनंदन. तुमचं खातं वाढलं."

अर्ज प्रलंबित आहे.