थेंब घातलेल्या डोळ्यांनी

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सबाई थेंबांची बाटली घेऊन उभ्या होत्या. कान मात्र बाकावरच्या बापलेकीकडे.

“बाबा, आमच्या कृष्णविवराचा फोटो आज जाहीर झाला. चारही गटांनी वेगवेगळं काढलेलं चित्र जुळलं.”

“चार गट कशाला?”

“एकमेकांचं बघून काढलं, तर हवं तेच दिसायला लागतं. म्हणून दोन महिने तोंडाला कुलूप.”

“घरीसुद्धा?”

“घरीसुद्धा. हे बघा, मोबाइलवर.”

“कडं आहे, मधे काळोख. पण थेंबांमुळे धूसर दिसतंय गं.”

“ते धूसरच आहे, बाबा. पृथ्वीभरच्या दुर्बिणी एकत्र जोडल्या, तेव्हा कुठे एवढं दिसलं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथून निघालेल्या रेडिओलहरी आहेत त्या.”

“म्हणजे आत्ता मला जगातल्या सगळ्यांइतकंच दिसतंय?”

“तेवढंच.”

डॉक्टरांनी आतून दोनदा हाक मारली. नर्सबाई बाकाजवळ, मोबाइलवर वाकल्या होत्या.