सहा महिन्यांची गाभण

माह्या गुरांच्या दवाखान्यात शिकाले येणारे पोरं म्हणतात, "सर, आम्हाले प्रॅक्टिकल कमी भेटते." अबे, आम्हाले लय भेटलं, त्याचं ऐका.

आम्ही कॉलेजात होतो तवा कापूस बुडाला म्हणून सरकारनं मदतीच्या पॅकेजमधी शेतकऱ्यांले गायी वाटल्या होत्या. आमच्या सरांनी आठ जणांले कळंबजवळच्या एका तांड्यावर नेलं, हात घालून गाभण ओळखाले. पॅकेजची गाय खोड्यात उभी होती. सरांनी आधी तिच्यासंगं आलेला सरकारी कागद वाचला. "सहा महिन्यांची गाभण. चला, तपासा."

मी खांद्यापर्यंत हात घातला. हाताले निस्तं शेण लागलं. तरी म्हटलं, "सहा महिने, सर." मागच्या साऱ्यांनी सहाच सांगितले. गाय मागं वळून पाहे, अजून किती उरले म्हणून. आमच्या वर्गात पयली येणारी पोरगी तं म्हणे, "सर, वासरानं पाय हालवला!" सर खूश.

गाईची मालकीण म्हातारी पुढं आली. मंग म्हणे, "बापू, गाय आणून दोन वर्सं झाले. तवाबी हा कागद सहा महिनेच म्हणे. वासरू काई आम्ही पाह्यलं नाही. गाईत कायले हात घालता? कागदात घाला. गाभण तोच हाये."