आमची मॉरिस आणि बोरघाट

माझं नाव विमल. जन्म कळंबकडचा, गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धवाडा, बाप दुसऱ्याच्या भातात राबायचा, आई लावणीला जायची. आमी धम्म घेतला तवा मी परकर-पोलक्यात व्हते, येवढंच ध्यानात हाय की बापानं देव्हाऱ्यातलं सगळं टोपलीत भरून नदीला नेलं आन आईनं ती रिकामी झालेली जागा सारवून घेतली, दोनदा सारवली. मंग बाप म्हनाला आता पोरांनी शिकायचं, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले, चालत जायचं शाळंला, आन पुढं त्या सातवीवरच बालवाडीची बाई झाले. पण ते पुष्कळ नंतर. आधी माझ्या भावाचं सांगते, ते सांगितल्याबिगर ताई, पुढचं तुमाला कळायचं नाय.

माझा थोरला भाऊ ट्रकवर डायवर व्हता, मुंबई-पुना लाईन. घरी आला की त्याच्या कपड्याला डिझेलचा वास यायचा आन तो वास मला आवडायचा, काय सांगू तुमाला, दुसऱ्या पोरींना अत्तर आवडायचं. तो बोरघाटात गेला. गाडी खाली गेली दरीत. आईनं त्या दिवसापासून घाटाचं नाव तोंडात घेतलं नाय, लोनावळ्याला जायचं असलं कुनाला तर ती वर जायचं म्हनायची, वर. आन माझं असं झालं की खोपोलीच्या पुढं रस्ता चढाय लागला की माझे हातपाय गार. नशीब बघा कसं, लगीन झालं ते खोपोलीच्या बाजूलाच, खालापूर तालुक्यात, घाटाच्या पार पायथ्याशी. अंगणात उभं राहिलं की घाट समोर.

आमचे हे कारखान्यात फिटर व्हते. मानूस बोलायला कमी. तिथं एक पारशी इंजिनेर साहेब व्हता, म्हातारा, त्याची ही मॉरिस मायनर. विलायती गाडी, कवळ्या पानाच्या रंगाची, गोल पाठीची, आन वळायचं असलं की दाराच्या मागून लाल दांडी बाहेर यायची हात केल्यावानी. त्या गाडीची दुरुस्ती हेच बघायचे, सुट्टीच्या दिवशी बी जायचे. मंग साहेबाला पोरीनं परदेशात बोलावून घेतलं. जाताना तो ह्यांना म्हनाला, ही मी कुनाला विकनार नाय, विकली तर दोन वर्षात भंगारात जाईल, तू घेऊन जा. हे म्हनाले साहेब मी फिटर मानूस, मी मोटार कुठं ठेवू. साहेब म्हनाला, अरे डोक्यावर ठेव, पण घेऊन जा.

मंग आली की हो गाडी आमच्या दारात. सगळी वाडी गोळा झाली. सासूबाई म्हनाल्या, अरं, हिला खायला काय घालायचं. माझी सासू मोठी बोलकी. गावात कुनी कुनी नाकं मुरडली, ह्यांना सायकल पुरंना म्हने, आता मोटार. ह्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याच्या बाजूला छप्पर घातलं आन गाडी आत घेतली. पहिल्या वर्षी तर ती निम्मी वेळ बंदच असायची, हे गाडीच्या खाली, नुसते पाय दिसायचे, मी त्या पायांशी बोलायचे. अवो, भाकरी झाली. पाय म्हनायचे, आलो.

आता तुमी विचारलं ते जुन्या गाड्यांच्या क्लबचं. क्लब म्हणजे काय, तर कर्जतला एक डाक्टर व्हते, त्यांच्याकडं जुनी ऑस्टिन. एकदा ह्यांची मॉरिस त्यांनी बाजारात उभी बघितली, तर पेशंट सोडून बाहेर आले म्हने, नळी गळ्यात तशीच, आन ती नळी बॉनेटला लावून इंजिनचा आवाज ऐकाय लागले. हे म्हनाले, काय निघालं डाक्टर. डाक्टर म्हनाले, तब्येत माझ्यापेक्षा बरी हाय. तिथून सुरू झालं. मंग भाताच्या गिरणीचे शेठ आले, त्यांची हिलमन, आन कळंबचे बापू, जमीनजुमलेवाले, त्यांच्याकडं लँडरोवर, तिला छप्पर नाय, ताडपत्री. आनखी बी येऊन-जाऊन व्हते. नाव ठेवलं विलायती गाडी मंडळ. कागदबिगद काय नाय, रविवारी पळसदरीच्या धरणावर जमायचं येवढाच नियम.

आन जमून करायचे काय, तर पुरुष मानसं गाड्यांची बॉनेटं उघडून आत डोकी घालून उभी राहायची. दुपार होईस्तवर. मधूनच कुनीतरी इंजिन चालू करायचं, सगळे गप, मान वाकडी करून ऐकायचे, मंग एकमेकांकडं बघून हसायचे, जसं काय पोर पहिलं पाऊल टाकतंय. मला हसू यायचं. पण खरं सांगू, मला बी गोडी लागली. गाडी धुवायचं काम मी माझ्याकडं घेतलं, चिंचेनं पितळ घासावं तशी तिच्या बंपरची चांदी घासायचे, आन रविवारी धुतलेली गाडी, काचा खाली, तळ्याच्या बाजूचा वारा, कारखान्याच्या फिटरची बायको मोटारीत बसून चाललीय, का नाय आवडनार हो.

पहिल्या वेळी मी माझा डबा घेऊन लांब बसले. सवय अंगात असते ना. गिरणीवाल्या वहिनी झाडाखाली बसल्या व्हत्या, त्यांनी दोन-तीन रविवार बघितलं. मंग एका रविवारी उठून आल्या, माझ्यासमोर बसल्या आन म्हनाल्या, विमल, तुझ्या जवळ्याच्या वासानं माझी भाजी मला गोड लागंना, दे गं जरा. दिला. त्यांनी खाल्ला. पुढं तर त्या घरनं रिकामा डबा घेऊन यायला लागल्या.

दर वर्षी लग्नसराईच्या आधी मंडळ लोनावळ्याला जायचं, घाट चढून. गाड्यांची परीक्षा म्हने. मी जायची नाय. मी खोपोलीत ननंदेकडं बसायची आन हे परत येईपर्यंत कुनी दार वाजवलं तरी मी उठायची नाय, वाटायचं निरोपच आला. संध्याकाळी हॉर्न वाजला की मंग जीव जागेवर. असं वर्षामागून वर्ष. मंग एक वर्ष मी म्हनलं, हे बसून मरन्यापेक्षा बरोबर जाते. जे व्हायचं ते दोघांचं होईल. हे म्हनाले, नक्की का. म्हनलं नक्की. म्हनाले, मंग डोळे मिटू नको, मिटले की जास्त भ्या वाटतं.

त्या साली निघायला जरा उशीर झाला, लग्नसराई सुरू झाली व्हती. सकाळचं उन्ह चांगलं. आमची मॉरिस पुढं, मागं डाक्टर, मंग शेठ आन वहिनी, सगळ्यात मागं बापूंची लँडरोवर, कुनाची गाडी पडली तर ओढायला. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो, तिथं डायवर लोक नानं टाकतात. आमी देव सोडलेले, पण हे म्हनाले इंजिनाला पानी द्यायला थांबायलाच लागतं, आन पानी घालताना मी बघितलं, हे माझ्या भावाचं नाव घेऊन हात जोडून उभे. देवाला नाय हो, वर रस्त्याकडं तोंड करून. मला कधी बोलले नव्हते. तसेच परत येऊन गाडीत बसले.

तिथून वर चढाय लागलो. आमच्या पुढं एक टेंपो, लग्नाचं वऱ्हाड. मागचं फाळकं पाडलेलं, त्यावर एक म्हातारी पाय खाली सोडून बसलेली, तिच्या मागं बायका, पोरं, मधी नवरी, हळदीनं पिवळी. गानी चालली व्हती. गाडी भरलेली इतकी की इंजिन रडत व्हतं. हे म्हनाले, ह्यानं माणसं जास्त घेतली. आन एका चढाच्या वळनावर तो टेंपो थांबला. इंजिन बंद पडलं. गाणं बी थांबलं. आन मंग ताई, तो हळूच मागं याय लागला.

हळूच. कुनाला आधी कळलंच नाय. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आन चाक वळलेलं दरीकडं. त्याचा डायवर आत बोंबलत व्हता, बिरेक लागंना, बिरेक लागंना. हे मला म्हनाले, उतर. मी म्हनलं, नाय उतरत. म्हनाले, उतर गं. मी नाय उतरले, दार धरून बसले. मंग ह्यांनी बोलनं सोडलं आन गाडी मागं घ्यायची ती पुढं घेतली. मला वाटलं ह्यांना येड लागलं. पण धडकवली नाय, तुमाला सांगते, दरीकडच्या अंगानं जाऊन, दूध उतू जाताना फडक्यानं भांडं धरावं तशी हळूच टेकवली. आमच्या बॉनेटचं नाक टेंपोच्या ढुंगनाला. आन सगळं वजन आमच्यावर आलं.

म्हातारीनं पाय वर ओढून घेतले तेवढ्यात. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर, मधी फक्त बॉनेट आन काच. ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. आमची गाडी पत्र्यासारखी दुमडाय लागली, आवाज येत व्हता, हे बिरेकवर दोन्ही पाय देऊन सीटवरून उठलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, आन तरी आमी मागं सरकतोच, चाकं जाग्यावर आन गाडी सरकते, रबराचा वास. मी मनात म्हनलं, आई गं, आता तुला दुसऱ्यांदा.

मंग मागून एक धक्का बसला. बारीक. मी मान वळवून बघितलं तर डाक्टरांची ऑस्टिन आमच्या पाठीला टेकलेली. त्यांना कुनी सांगितलं नाय, हाक मारायला वेळ नव्हता. आन त्यांच्या मागं शेठची हिलमन, वहिनी आत तशाच बसलेल्या, आन सगळ्यात मागं बापूंची लँडरोवर घरघरत आली आन तिनं सगळ्यांना खालून रेटून धरलं. आन सरकनं थांबलं. थांबलं हो. असं गप्प झालं सगळं, फक्त आमच्या रेडिएटरमधलं पानी रस्त्यावर सांडत व्हतं, सुळसुळ. हे काच खाली करून वरडले, उतरा, एकेक उतरा, डोंगराच्या अंगानं, चाकाखाली दगड लावा. पुरुष मानसांनी दगड लावले, पोरं उतरवली, नवरीला उचलून घेतली. एकाला बी खरचटलं नाय. टेंपोचं मागचं चाक कठड्यापासून हातभर लांब व्हतं, मी जाऊन बघितलं.

मंग मला रडू आलं. भ्यानं नाय. कशानं ते मला आजबी सांगता येत नाय, पण छातीतून काहीतरी सुटलं, गाठ सुटावी तसं, आन मी रस्त्यात बसून रडले, वहिनी माझ्या बाजूला रस्त्यात बसल्या, आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात. ती म्हातारी आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आन म्हनाली, बाय माझे, तुझ्या गाडीचं पार वाटोळं झालं गं. मी म्हनलं, होऊ दे आजी. खरंच म्हनलं. ती गाडी ह्यांचा जीव की प्रान, पण हे बी तिथं उभे राहून हसत व्हते, नाक दबलेल्या मॉरिसकडं बघून.

मुहूर्त जवळ आलेला. मंग नवरी डाक्टरांच्या ऑस्टिनमधी, म्हातारी आन पोरं शेठच्या गाडीत, बाकीचे बापूंकडं ताडपत्रीखाली, आन बापूंच्या मागं दोराला बांधून आमची मॉरिस. अशी वरात घेऊन मी बोरघाट चढले. डोळे उघडे ठेवून. वरून खाली बघितलं, लय लांबवर दिसतं तिथून, आमचं घर कुठं ते हे दाखवत व्हते, मला दिसलं नाय, तरी दिसलं म्हनलं. लग्नात जेवलो. नवरीच्या बापानं मंडळातल्या सगळ्यांना टोप्या घातल्या आन मला साडीचा आहेर केला.

मॉरिस पुन्हा उभी करायला पावसाळा उलटला. पळसदरीचे रविवार आमच्या अंगणात व्हायला लागले. शेठनी मुंबईच्या भंगारबाजारातून समोरची जाळी आनली ती दुसऱ्याच गाडीची निघाली, तीच बसवली, म्हणून आमच्या मॉरिसचं तोंड आता कुठल्याच मॉरिससारखं नाय. सासूबाई म्हनायच्या, कवळी बसवलीय तिला.

आता हे रिटायर झालेत. सासूबाई गेल्या, बापू गेले, लँडरोवर त्यांचा पुतन्या आनतो. डाक्टरांना दिसत नाय नीट, त्यांची लेक ऑस्टिन चालवते आन ते बाजूला बसून तिला सूचना देतात, ती म्हनते पप्पा गप्प बसा. आमच्या पोरानं मधी सांगितलं, ही काढून टाकू, नवीन छोटी गाडी आलीय बाजारात, ती घेऊ. मी म्हनलं, तू घे रं तुझी, हिला हात लावू नको. मंग तो बी हसला, आन मागच्या रविवारी तोच तिच्या खाली झोपला व्हता, पाय बाहेर.

मला आता कसली घाई नाय, कशाची भीती नाय. लोनावळ्याला आमी कवा बी जातो, नुसता चहा प्यायला जातो. घाटात मधी थांबतो, इंजिनाला पानी देतो, मी खाली उतरून कठड्यावर बसते, वारा खाते. परवा हे म्हनाले, किती वेळ बसतेस, चल की. म्हनलं, बसू द्या हो जरा, उन्ह छान हाय.