आपणच मोजलेली झाडं

हरकती घेण्याच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्यापुढे एक बाई आणि त्यांचे दीर उभे होते.

“भावोजी, बागेतली कुठली झाडं तोडणार, त्याची यादी या नोटिशीला जोडलीय. पण हे अक्षर तर तुमचं आहे.”

“माझंच आहे, वहिनी. झाडं वाचावीत म्हणून आपणच नाही का मोजली? खोडांवर चुन्याने नंबर टाकले, आणि यादी इथेच आणून दिली.”

“मग ती तोडायच्या कागदाला कशी लागली?”

“तेच तर कळेना. साहेब म्हणाले, तयार यादी मिळाली, आमचे हेलपाटे वाचले.”

“म्हणजे एकशे बारा झाडं जाणार?”

“एकशे बाराच्या एकशे बारा. फक्त तळ्याकाठचं ते वाकडं झाड मोजायचं राहिलं. खोडावर मुंग्या होत्या, तुम्हीच म्हणालात, उद्या बघू.”

“मग ते यादीत नाही?”

“नाही.”

“आणि हरकतीच्या अर्जात आपण बागेतली सगळी झाडं लिहायची?”

“हो, एकूण एक.”

“मग ते वाकडं लिहू का नको?”

“हळू बोला, वहिनी. मागे लोक ऐकतायत.”