नातेवाइकांचं स्टूल

ड्यूटीवर बसायचं नाही! पहिला दिवस, पहिलं मिनिट, अजून माझी पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरली नव्हती, तर मोठ्या सिस्टरांनी बजावलं, "हे बघ, या वॉर्डात नर्स बसत नाही." मी म्हटलं, "का?" झालं! अख्खा वॉर्ड गार. सलाइनचा थेंबसुद्धा नळीत मध्येच थबकला असेल... "का? अगं, तीस वर्षं झाली मला इथे, मी कधी विचारलं नाही. माझ्या सिस्टरांनी त्यांच्या सिस्टरांना विचारलं नाही. आणि तू काल आलेली पोर, मला का विचारतेस?" म्हणजे बघा हं, नियम का आहे, तर आजवर कुणी विचारलं नाही म्हणून आहे!

तर तुम्हाला सांगते, तेव्हापासून मी उभी आहे. चहा? उभ्याने. नोंदी? उभ्याने, कागद भिंतीला टेकवून, त्यामुळे अक्षर असं उतरतं की डॉक्टरलोक आपुलकीने बघायला लागलेत. डबा? औषधांच्या कपाटाआड, उभ्याने, दोन घास, तिसऱ्याला बेल. तुम्ही सगळे बसलेले आहात ना? बसा बसा. बघूनच बरं वाटतं मला.

बरं, मी काही नवशिकी नाही. याआधी पाच वर्षं मी वृद्धनिवासात होते. बावीस म्हातारी माणसं, पाच वर्षं तीच. कुणाची कवळी कुठल्या कपात, कोण उजव्या कुशीवर झोपतं, कोण गोळी घेतल्याचं नाटक करून ती उशीखाली सरकवतं, सगळं पाठ. आणि तिकडे बसणं हेच काम! भरवायला बसा, गाऱ्हाणी ऐकायला बसा, गेल्या वर्षी सांगितलेलं गाऱ्हाणं यंदा नव्याने ऐकायला पुन्हा बसा...

पण माझी आत्या! स्वतः निवृत्त नर्स, मोठ्या सिस्टरांची जुनी मैत्रीण. "पाच वर्षं कवळ्या धुतल्यास, पुरे झालं. आता खरं नर्सिंग कर." लावला वशिला, आणलं मला इथे. हे सगळं कसं सांगत होती? दोन उश्यांवर पाय ठेवून, गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे चढवून, कारण पायांच्या नसा अशा फुगल्यात की भिंतीवरच्या वायरी बऱ्या. मी म्हटलं, "आत्या, पाय असे कशाने झाले गं?" तर छाती फुगवून म्हणते, "तीस वर्षं उभी होते मी!"

खरं नर्सिंग म्हणजे काय, ते ऐका. सकाळी सात नंबरच्या खाटेवर अपेंडिक्स. दुपारी मी सात नंबरला विचारते, "काका, पोट कसं आहे?" तर त्यांचा पाय वर टांगलेला! "पोट झकास आहे सिस्टर, जरा पायाचं विचारा." अपेंडिक्स कधीच घरी गेलेलं! माणसाचा चेहरा लक्षात राहीपर्यंत चादर बदललेली असते. आणि ती यंत्रं... तिकडे काही वाजलं तर ती जेवणाची घंटा. इथे पंप वाजतो, मॉनिटर वाजतो, फोन वाजतो, आणि पहिले पंधरा दिवस, खोटं कशाला बोलू, मी पंप वाजला की फोन उचलायची. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "ते तिकडचं तिकडे ठेवून ये. इथे चपळाई लागते." मी रोज घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायची आणि ठरवायची, उद्या राजीनामा. पण राजीनामा लिहायला बसावं, तर तिथेच झोप लागायची.

एकदाची तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली. शेवटी मोठ्या सिस्टर शेरा लिहिणार, 'कायम करावे' किंवा 'करू नये'. म्हटलं, आठच दिवस उरलेत, तोंड बंद ठेवायचं, उभं राहायचं.

आणि नेमके तेव्हा सात नंबरला आले शिंपीआजोबा.

ऐंशीच्या पुढचे, न्यूमोनियातून नुकते सावरलेले, सगळं आयुष्य मशीनवर शिवणकाम केलेलं. जवळचं कुणी नाही. तीन दिवस तक्त्यावर एकच नोंद, 'जेवण नाकारले'. 'जेवण नाकारले'. 'जेवण नाकारले'. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले, "दुपारी नाही जेवले तर नाकातून नळी घाला." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हट्टी आहेत. तोंडच उघडत नाहीत."

आता मी बघत होते ना! प्रत्येक जण त्यांना भरवतो कसा? उभ्याने! वरून चमचा येतो, म्हणजे आजोबांची मान वर. तुम्हीच करून बघा, आत्ता, मान छताकडे करा आणि गिळा. गिळवतं? घास भलतीकडे जातो, ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. दोनदा जीव घाबरला की तिसऱ्यांदा तुम्ही तरी तोंड उघडाल का? तिकडे आमच्याकडे स्वयंपाकीणबाईंनाही ठाऊक होतं हे! मी मोठ्या सिस्टरांना सांगितलं. "सिस्टर, समोर बसून भरवलं तर जेवतील हो." तर, "झालं तुझं तिकडचं सुरू! एकीला बसू दिलं तर उद्या सगळ्या बसतील."

मी मनात म्हटलं, पाचच दिवस उरलेत, पाचच दिवस... दुपारी जेवणाची ताटं आली. आणि माझ्याआधी नळीचा ट्रे आला! आजोबांनी त्या नळीकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. नुसता हात ठेवला, लहान मूल ठेवतं तसा.

मग मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. अख्ख्या वॉर्डात एकच, त्यावर रंगाने लिहिलेलं, 'फक्त नातेवाइकांसाठी'. आणि बसले! अहाहा, काय सांगू तुम्हाला... तीन महिन्यांनी! माझ्या गुडघ्यांनी असा आवाज केला की आजोबांनी हात खाली घेतला. चमचा खालून, हळू. हनुवटी खाली. पहिला घास... थांबले... गिळला! दुसरा. चौथ्या घासाला तीन दिवसांत पहिल्यांदा आजोबा बोलले. "सिस्टर, तुमची उजवी बाही आखूड बसलीय."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. मोठे डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर.

"ऊठ."

मी चमचा भरला.

"अगं, डॉक्टर उभे आहेत, मी उभी आहे, आणि तू खुशाल बसलीस? दिसत नाही का काय लिहिलंय? हे स्टूल नातेवाइकांचं आहे. तू यांची कोण?"

"वाटी संपेपर्यंत नात!"

"तुझा शेरा अजून लिहायचाय मला, लक्षात ठेव. ऊठ म्हणते ना!"

आणि मग काय झालं मला कोण जाणे. आत्याचे मोजे आठवले की काय... मी म्हटलं, "नाही उठणार. शेरा लिहायचा तो लिहा. जेवण नाही हो नाकारलं यांनी, यांना ठसक्याची भीती वाटते! मी उठले की मान वर जाणार, ठसका लागणार, आणि आपण पुन्हा तेच लिहिणार. ही वाटी संपेपर्यंत मी इथून हलणार नाही."

मी चमचा पुढे केला. सगळे बघतायत कुठे, तर आजोबांच्या गळ्याकडे. घास आला... थांबला... उतरला. आजोबांनी तोंड पुसलं, मोठ्या सिस्टरांकडे वरपासून खालपर्यंत शिंप्याच्या नजरेने बघितलं आणि म्हणाले, "उभ्या का बाई? माप उभ्याने घेतात. घास नाही."

मोठ्या सिस्टरांनी नळीचा ट्रे उचलला, आणि डॉक्टर मुकाट्याने त्यांच्यामागून.

नळी टळली. मी कायम झाले. आता आमच्या वॉर्डात भरवायचं ते बसूनच, नवा नियम आहे, आणि 'का' विचारायचं नाही! अडचण एवढीच की स्टूल अजून एकच आहे, आणि तुम्हाला सांगते, मोठ्या सिस्टरांना भरवण्याची अशी काही गोडी लागलीय... तिन्ही वेळा त्याच बसतात. मी? मी शेजारी वाटी धरते.

उभ्याने!